दर दोन महिन्यांनी सिंक बंद पडणारं कॅलेंडर: प्रमाणपत्र नवं, एनजिनएक्स जुन्यावरच

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल. लिनक्स सर्व्हरवर स्वतःचं कॅलेंडर चालवताय, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे, एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र आहे, आणि ते आपोआप नूतनीकरण होईल अशी सोयही केलेली आहे. सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या सकाळी सगळ्यांच्या फोनवर नव्या नोंदी यायच्या थांबतात. तुम्ही सर्व्हर रीस्टार्ट करता, लगेच सुरू होतं. कॅलेंडरच्या लॉगमध्ये काही सापडत नाही, कामाच्या गडबडीत विषय मागे पडतो. दोनेक महिन्यांनी पुन्हा तेच.

असं होत असेल तर जवळजवळ नक्कीच सर्टबॉटने (प्रमाणपत्र आणणाऱ्या आणि त्याचं नूतनीकरण करणाऱ्या प्रोग्रॅमने) नवं प्रमाणपत्र वेळेवर आणून डिस्कवर ठेवलेलं आहे, पण एनजिनएक्सला ते कुणी सांगितलेलं नाही. तो जुनंच प्रमाणपत्र दाखवत राहतो आणि ते संपलं की फोन दाराशीच थांबतात. उपाय दोन ओळींचा आहे. मला तो सापडायला एप्रिल ते ऑक्टोबर लागले, म्हणून कुठे कुठे चकलो तेही लिहितो.

माझी ताई मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. ती आणि तिच्या दोन सहकारी मिरज, सांगली, कुपवाड भागात घरोघरी जाऊन व्यायाम करून घेतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, पक्षाघातातून सावरणारे, असे बहुतेक रुग्ण. कोण कुणाकडे किती वाजता जाणार हे तिघींच्या फोनवर एकच दिसायला हवं होतं. रुग्णांची नावं, पत्ते, दुखणी दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर नकोत यावर ताई ठाम होती, आणि मला ते मनापासून पटलं. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये एक छोटा व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घेतला, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं आणि रॅडिकाल बसवलं.

रॅडिकाल हे पायथनमध्ये लिहिलेलं लहानसं कॅल्डॅव सर्व्हर; कॅल्डॅव म्हणजे फोन आणि सर्व्हरमध्ये कॅलेंडर जुळतं ठेवायची ठरलेली पद्धत. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक नोंद म्हणजे फोल्डरमधली एक आयसीएस फाइल, संपादकात उघडून वाचता येते, बॅकअप म्हणजे फोल्डरची नक्कल. तीन-चार माणसांच्या कामाला मला याहून चांगलं काही दिसलं नाही. ते पोर्ट ५२३२ वर फक्त लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनवरच्या विनंत्यांना, ऐकतं. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी एनजिनएक्सकडे येते, तिथे एचटीटीपीएस उलगडतं आणि विनंती आत रॅडिकालकडे जाते. अँड्रॉइड फोनवर डॅवएक्स५ हे सिंकचं अॅप, ताईच्या आयफोनवर त्याचं स्वतःचं कॅलेंडर. प्रमाणपत्र १० जानेवारीला घेतलं. सर्टबॉटने एनजिनएक्सच्या फाइलला हात लावू नये असं वाटलं, म्हणून 'सर्टओन्ली' आणि वेबरूट, म्हणजे फक्त प्रमाणपत्र आणायचं आणि वेब फोल्डरात ठेवलेल्या फाइलने डोमेनची पडताळणी करायची, ही पद्धत निवडली. सगळी गोष्ट याच निवडीत दडलेली होती.

११ एप्रिलला सकाळी ताईचा फोन. "अरे, काल रात्री मी कुपवाडच्या आजोबांची वेळ बदलली, पण हिच्या फोनवर जुनीच वेळ दिसतेय. ती दुसरीकडे गेली. आजोबा खुर्ची टाकून दाराशी बसून राहिलेत."

एक तास बसून होते ते. ऑपरेशननंतरचा तिसरा आठवडा.

या बिघाडातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की कॅलेंडर बंद पडलेलं दिसतच नाही. फोनवर कालपर्यंतच्या सगळ्या नोंदी असतात, रंग असतात, आठवणीची घंटाही वाजते. फक्त ते कालचं कॅलेंडर असतं. वेबसाइट बंद पडली तर निदान कोरी पाटी दिसते. इथे शिळी माहिती ताज्यासारखी दिसते. त्यात तिघींनी सिंकच्या सूचना फार येतात म्हणून त्या बंद करून ठेवल्या होत्या.

त्या दिवशी मी जे केलं ते बहुतेक जण करतील. सर्व्हरमध्ये लॉगिन केलं, रॅडिकाल चालू दिसलं, एनजिनएक्स चालू दिसला, दोन्ही रीस्टार्ट केले. सिंक सुरू. रॅडिकालचाच काहीतरी गोंधळ असणार असं मानून पुढच्या कामाला लागलो. १० जूनला पुन्हा तसंच झालं. या वेळी रॅडिकालची आवृत्ती बदलली, मेमरी पाहिली, फायरवॉल पाहिली, आणि अर्थातच शेवटी सगळं रीस्टार्ट केलं. ऑगस्टमध्ये काहीच झालं नाही, त्यामुळे आवृत्ती बदलल्याने सुटलं अशी माझी खात्रीच पटली. ८ ऑक्टोबरला तिसऱ्यांदा. यावेळी ताईला म्हटलं, "आज दुपारपर्यंत वेळापत्रक फोन करून सांग, मी काहीही रीस्टार्ट करणार नाही."

तेवढं एक केलं आणि पुढच्या दहा मिनिटांत कारण हाती आलं. बिघडलेली अवस्था तशीच ठेवून तपासा. रीस्टार्ट केलं की पुरावाच पुसला जातो.

दोन तारखा ताडून पाहा

पहिली तारीख: एनजिनएक्स बाहेरच्या जगाला आत्ता कोणतं प्रमाणपत्र दाखवतोय. ही तपासणी शक्यतो दुसऱ्या संगणकावरून करा. ओपनएसएसएलच्या 'एस-क्लायंट'ने तुमच्या डोमेनच्या पोर्ट ४४३ ला जोडायचं, 'सर्व्हरनेम' या पर्यायात डोमेनचं नाव पुन्हा द्यायचं, आणि जे येईल ते पाइप करून ओपनएसएसएलच्याच 'एक्स५०९' ला 'नोआउट' आणि 'डेट्स' हे पर्याय लावून द्यायचं. सर्व्हरनेम विसरू नका. एका सर्व्हरवर दोन-तीन डोमेन असतील तर जुन्या ओपनएसएसएलमध्ये त्याशिवाय भलत्याच साइटचं प्रमाणपत्र पुढे येतं आणि तासभर वाया जातो.

दुसरी तारीख: डिस्कवर कोणतं आहे. त्यासाठी सर्व्हरवर सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) 'सर्टबॉट सर्टिफिकेट्स' एवढं पुरतं.

मला बाहेरून दिसलं: मुदत ७ ऑक्टोबर, २१ वाजून ३६ मिनिटं, जीएमटी. डिस्कवर: मुदत ७ डिसेंबर. मग ईटीसीमधल्या लेट्सएन्क्रिप्ट फोल्डरच्या आत 'लाइव्ह'मध्ये जाऊन सविस्तर यादी काढली. तिथल्या फुलचेन या प्रमाणपत्राच्या फाइलचा बाण 'आर्काइव्ह'मधल्या पाचव्या फाइलकडे होता. म्हणजे डिस्कवर पाचवं प्रमाणपत्र पडून होतं, आणि एनजिनएक्सच्या हातात चौथं.

ओपनएसएसएल वेळ जीएमटीत सांगतं, ती आपल्याकडे साडेपाच तास पुढे धरायची. माझ्या बाबतीत प्रमाणपत्र संपलं ते ८ ऑक्टोबरच्या पहाटे ३ वाजून ६ मिनिटांनी. मी आधी वरवर '७ तारीख' वाचून "पण काल दिवसभर तर चालत होतं" म्हणून हे कारण जवळजवळ बाजूला ठेवलं होतं.

असं का होतं? एनजिनएक्स प्रमाणपत्राची फाइल सुरू होताना किंवा रीलोड होताना वाचतो आणि मेमरीत ठेवतो. त्यानंतर फाइल बदलली तरी तो पुन्हा बघायला जात नाही. सर्टबॉटचा स्वतःचा एनजिनएक्स प्लगइन वापरला तर नूतनीकरणानंतर तो एनजिनएक्सला रीलोड करतो. वेबरूट किंवा स्टँडअलोन (सर्टबॉट स्वतःच तात्पुरता सर्व्हर चालवतो ती) पद्धतीत मात्र सर्टबॉटला पलीकडे कोणता सर्व्हर आहे हे माहीतच नसतं. त्याचं काम फाइल आणून ठेवण्याचं, आणि ते त्याने प्रत्येक वेळी चोख केलेलं होतं. चूक माझ्या मांडणीची होती. अपाचेचंही असंच असतं, त्यालाही रीलोड लागतं.

नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र, मग साठ दिवसांनी का?

मी सर्वात जास्त इथेच चकलो. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं हे मला ठाऊक होतं. पण बिघाड ११ एप्रिल आणि १० जूनला झाला, मध्ये फक्त ६० दिवस. त्यामुळे प्रमाणपत्राचा संशयच आला नाही.

आता हिशेब मांडा. पहिलं प्रमाणपत्र १० जानेवारीचं, संपणार १० एप्रिलला. डेबियनवर सर्टबॉटचा टायमर दिवसातून दोनदा धावतो आणि ३० दिवसांहून कमी उरले की नूतनीकरण करतो. म्हणजे दुसरं प्रमाणपत्र ११ मार्चलाच आलं. एनजिनएक्स पहिल्यावरच राहिला, १० एप्रिलच्या संध्याकाळी ते संपलं, ११ ला सकाळी मी रीस्टार्ट केलं. रीस्टार्टने हातात आलं ते दुसरं, महिनाभर आधीचं. त्याचे ६० दिवसच शिल्लक होते. ते जूनमध्ये संपलं, तोवर तिसरं येऊन महिना झाला होता. पहिली खेप ९० दिवसांनी आणि मग दर ६० दिवसांनी. प्रत्येक रीस्टार्ट पुढच्या बिघाडाची तारीखच ठरवत होता.

ऑगस्टमधली शांतताही यातच बसते. त्या हिशेबाने ९ ऑगस्टला बंद पडायला हवं होतं. पण चौथं प्रमाणपत्र ९ जुलैच्या सुमारास आलं होतं, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कर्नलचं अपडेट आलं म्हणून मी सर्व्हर रीबूट केला होता. एनजिनएक्सने सहजच चौथं उचललं, आणि पुढची तारीख ऑक्टोबरवर गेली. तुमच्याकडे हा बिघाड कधी होतो, कधी होत नाही, असं असेल तर रीबूटच्या आणि पॅकेज अपडेटच्या तारखा काढून बघा. महिन्याच्या त्या फटीत एकदा रीबूट झालं की एक खेप चुकते आणि आपल्याला वाटतं की आपण केलेला उपाय लागू पडला.

उपाय

ईटीसीमधल्या लेट्सएन्क्रिप्टच्या आत 'रिन्युअल-हुक्स' फोल्डर असतं, त्यात 'डिप्लॉय'. तिथे एक छोटी शेल स्क्रिप्ट ठेवायची. पहिली ओळ नेहमीची, कोणत्या शेलने चालवायचं ते सांगणारी. दुसऱ्या ओळीत आधी 'एनजिनएक्स' ला 'टी' पर्याय लावून कॉन्फिगरेशन तपासायचं, आणि ते बरोबर असेल तरच, म्हणजे मध्ये दोन अँपरसँड टाकून, 'सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स'. झालं. डिप्लॉयमधली स्क्रिप्ट फक्त नूतनीकरण यशस्वी झालं तरच धावते, रोज नाही.

रीस्टार्ट लिहू नका, रीलोडच लिहा. रीलोडमध्ये चालू जोडण्या तुटत नाहीत. रॅडिकालला काहीच करायची गरज नाही, त्याचा प्रमाणपत्राशी संबंधच नाही. एनजिनएक्स डॉकरच्या कंटेनरमध्ये असेल तर रीलोडचा निरोप कंटेनरच्या आत पोचेल अशी ओळ लिहावी लागेल.

स्क्रिप्टला 'सीएचमॉड' ने चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका. परवानगी नसलेली फाइल सर्टबॉट मुकाट्याने सोडून देतो, आणि आपण उपाय केला या समाधानात आणखी दोन महिने जातात.

आणि 'ड्राय-रन' वर विसंबू नका. सर्टबॉटच्या रंगीत तालमीत डिप्लॉय हुक, म्हणजे त्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट, आपणहून धावत नाहीत. मीही ती तालीम एकदा केली होती, सगळं यशस्वी असा निरोप आला होता, आणि तो खराही होता, कारण नूतनीकरणात काही दोष नव्हताच. स्क्रिप्ट आधी हाताने चालवून बघा. मग एकदाच 'फोर्स-रिन्युअल' लावून खरं नूतनीकरण करा आणि लगेच बाहेरून तारीख पाहा. एकदाच म्हणतोय ते मर्यादेमुळे: त्याच नावांच्या संचासाठी लेट्स एन्क्रिप्ट आठवड्याला पाचच प्रमाणपत्रं देतं. वैतागून पुन्हा पुन्हा चालवलं तर मध्येच अडकाल.

तारखा वेगळं काही सांगत असतील तर

बाहेरची आणि डिस्कवरची, दोन्ही तारखा उलटून गेलेल्या असतील तर नूतनीकरणच होत नाहीये. लेट्सएन्क्रिप्टचा लॉग वाचा. कॅलेंडर सर्व्हरच्या बाबतीत याचं एक ठरलेलं कारण असतं: एनजिनएक्समध्ये सगळे पत्ते सरसकट रॅडिकालकडे पाठवलेले असतात. मग डोमेन आपलंच आहे हे पडताळायला लेट्स एन्क्रिप्ट पोर्ट ८० वर 'वेल-नोन' खालच्या 'अ‍ॅक्मे-चॅलेंज' मध्ये आपली फाइल शोधायला येतं, आणि ती विनंतीही रॅडिकालकडे जाते. त्याला त्या फाइलचं काय माहीत? त्या पत्त्यासाठी एनजिनएक्समध्ये वेगळा लोकेशन ब्लॉक हवा, वेबरूटच्या फोल्डरकडे जाणारा. त्याच 'वेल-नोन' खाली 'कॅल्डॅव' नावाचा पत्ताही असतो, ज्यावरून फोन कॅलेंडरचं घर शोधतात. तो रॅडिकालकडेच वळवायचा असतो. दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका. घरच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर असेल आणि कंपनीने सार्वजनिक आयपी दिलेला नसेल तर पोर्ट ८० पर्यंत कुणी पोचणारच नाही, तिथे डीएनएसवरून पडताळणी करावी लागते.

दोन्ही तारखा पुढच्या असतील तर प्रमाणपत्राचा नाद सोडा. ५०२ ही त्रुटी येत असेल तर रॅडिकाल बंद आहे. ४०१ येत असेल तर पासवर्डची फाइल बघा.

एकाच फोनवर सिंक चालू आणि बाकीच्यांवर बंद, असंही होतं. ताईच्या एका सहकारीच्या डॅवएक्स५ ने अनोळखी प्रमाणपत्राबद्दल विचारलं होतं आणि तिने 'स्वीकारा' दाबलं होतं. तिचा फोन चालू राहिला, त्यामुळे "माझं तर चालतंय" हे ऐकून मी आणखी भरकटलो. असं स्वीकारलेलं प्रमाणपत्र अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका, आणि सगळ्यांना सांगा की हा प्रश्न पडद्यावर आला तर उत्तर न देता आधी फोन करा. रुग्णांची माहिती आहे ती. समोर खरंच आपलाच सर्व्हर आहे याची खात्री देणारी प्रमाणपत्र ही एकच गोष्ट आहे.

पहारा बाहेरून

हुक लावल्यावरही मी एक पहारेकरी ठेवला. घरच्या संगणकावर रोज सकाळी सहा वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) एक स्क्रिप्ट धावते. ती वर सांगितल्याप्रमाणे बाहेरून प्रमाणपत्र आणते आणि 'एक्स५०९' ला 'चेकएंड' पर्यायात १२०९६०० हा आकडा देते. हे १४ दिवसांचे सेकंद. मुदत त्याहून कमी उरली असेल तर मला मेल येतो. नूतनीकरण ३० दिवस आधी होतं, त्यामुळे १४ दिवसांची घंटा वाजली तर काहीतरी नक्की अडलंय, आणि दुरुस्तीला दोन आठवडे हातात आहेत. ही तपासणी सर्व्हरच्या डिस्कवरच्या फाइलवर करून उपयोग नाही. ती फाइल कायम ताजीच असते.

लेट्स एन्क्रिप्टकडून मुदत संपल्याचा मेल येईल असं कुणाला वाटत असेल तर ते मेल ४ जून २०२५ पासून बंद झालेत. पण या बिघाडात ते आधीही आले नसते. त्यांच्या लेखी नूतनीकरण झालेलं असतं, मग कळवणार कशाला?

आणि हे आत्ताच नीट करून घ्यायचं आणखी एक कारण आहे. प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे, तसा निर्णय सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. आज दोन महिन्यांनी होणारा हा बिघाड तेव्हा महिन्यावर येईल.

सिंक पुन्हा सुरू झाल्यावर एक काम उरतं. बंद काळात प्रत्येकीने आपापल्या फोनवर केलेले बदल आता एकदम सर्व्हरकडे जातात. एकाच नोंदीला दोघींनी हात लावलेला असेल तर त्यातला एक बदल जाईल. म्हणून ८ ऑक्टोबरला दुपारी ताईने तिघींचे फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्या दिवसापासून पुढच्या रविवारपर्यंतची प्रत्येक भेट वाचून ताडली. दोन वेळा चुकीच्या निघाल्या. त्या दोन्ही घरी तिने स्वतः फोन केला.

त्या दिवशी जबरदस्तीने घेतलेलं प्रमाणपत्र सहावं. ७ डिसेंबरच्या सुमारास सर्टबॉट सातवं आणणार हे आता माहीत होतं, म्हणून ८ डिसेंबरला सकाळी बाहेरून तारीख पाहिली. मार्च २०२६ मधली होती. एनजिनएक्स सातवंच दाखवत होता, आणि मी काहीही रीस्टार्ट केलेलं नव्हतं.